दारू सोडायची आहे, जवळची मीटिंग कशी शोधायची? यादीतल्या पत्त्यावर गेलो तर कुलूप

उद्यापासून_नको:

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. मला दारू सोडायची आहे आणि एकट्याने ते जमत नाहीये हे आता मला पक्कं कळलंय. बायकोला सगळं माहितीये, आईवडिलांना अर्धवट, ऑफिसात कोणालाच नाही. आधी फक्त रात्री असायची, हल्ली सुट्टी असली की सकाळपासून सुरू होते. उठल्यावर हात थरथरतात, थोडी पोटात गेली की थांबतात, मग दिवस चालू.

दारू सोडलेल्या लोकांच्या मीटिंग होतात, तिथे गेलं की फरक पडतो असं बऱ्याच जणांकडून ऐकलं म्हणून नेटवर शोधलं. एका यादीत जवळचा पत्ता मिळाला, वार आणि वेळ बघून गेलो तर दाराला कुलूप. आजूबाजूला विचारायची हिंमत झाली नाही, काय म्हणून विचारणार? पाच मिनिटं उभा राहिलो आणि निघालो. त्या दिवशी घरी येऊन प्यायलोच.

तर माझे प्रश्न असे. एक, मीटिंग खरंच चालू आहे की नाही हे जायच्या आधी कसं कळतं? दोन, तिथे ओळखीचं कोणी निघालं तर? तीन, मी देवबिव मानत नाही आणि तिथे प्रार्थना असते म्हणे, मग मला घेतील का? आणि पहिल्याच दिवशी उभं करून बोलायला लावतात का, कारण तसं असेल तर माझ्याच्याने होणार नाही. नोकरी शिफ्टची आहे, ठरलेला एकच वार जमणार नाही.

येत्या सोमवारपासून एकदम बंद करायचं ठरवलंय. त्याच्या आत मीटिंग मिळाली तर बरं होईल.

फक्त_आज:

दादा, पहिलं हे सांगतो की तुम्ही त्या दारापर्यंत गेलात ना, ते अर्धं काम होतं. कुलूप होतं यात तुमचा काही दोष नाही. मी बरीच वर्षं अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला जातोय त्यामुळे जे माहितीये ते सांगतो, जरा लांबेल, वाचा.

कुलूप का असतं ते आधी. एएच्या ग्रुपची स्वतःची जागा बहुतेक वेळा नसतेच. शाळेचा वर्ग, हॉस्पिटलची एखादी खोली, कुठल्यातरी प्रार्थनास्थळाचा हॉल असं काहीतरी भाड्याने किंवा विनंती करून घेतलेलं असतं. जागा बदलते, वेळ बदलते, आणि यादी सांभाळणारे लोक पगारी नसतात, आपल्यासारखेच नोकरी करून वेळ काढणारे मेंबर असतात, म्हणून कुठल्या तरी साइटवर कोणीतरी कधीतरी उतरवून ठेवलेली यादी जुनी राहून जाते. शिवाय बाहेर पाटी नसते, कारण नाव गुप्त ठेवणं हा तिथला पायाच आहे. त्यामुळे कुठल्याही यादीवर विसंबून थेट जाऊ नका, आधी फोन करा. तुमच्या देशातल्या एएची स्वतःची वेबसाइट बघा, तिच्यावर हेल्पलाइन किंवा विभागाच्या ऑफिसचा नंबर असतो, त्या भागातल्या ग्रुपांच्या मिळून बनलेल्या ऑफिसला इंटरग्रुप म्हणतात. तिथे फोन उचलणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेलाच असतो, त्यामुळे तुम्ही अडखळलात तरी त्याला कळतं. नुसतं एवढं म्हणा की मला पिण्याचा त्रास आहे आणि मीटिंगला यायचंय, बाकी तो बोलेल. त्याला विचारून घ्या की या आठवड्यात ही मीटिंग नक्की आहे ना, भाषा कुठली, कुठल्या दाराने आत यायचं, कितवा मजला, आणि ओपन आहे की क्लोज्ड. आणि शक्य असेल तर म्हणा की पाच-दहा मिनिटं आधी कोणीतरी खाली उभं राहील का. बहुतेक ग्रुपला याचं अप्रूप वाटत नाही, आनंदाने कोणीतरी येतं. कुलपाचा प्रश्न तिथेच मिटतो. एएचं मीटिंग गाइड नावाचं मोफत ॲपही आहे, पण सगळ्या देशांतल्या सगळ्या मीटिंग त्यात नाहीत, तेव्हा तिथे सापडलं नाही म्हणजे जवळ मीटिंगच नाही असं धरून बसू नका.

ओपन म्हणजे कोणीही येऊन बसू शकतं, घरचे, मित्र, शिकणारे विद्यार्थी. क्लोज्ड म्हणजे ज्याला स्वतःला पिण्याचा प्रॉब्लेम आहे आणि थांबायचंय त्यांच्यासाठीच. तुम्हाला दोन्ही चालतील. मेंबर व्हायला अट एकच, दारू थांबवायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, नाव-गाव-पत्ता कोणी लिहून घेत नाही. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल तो त्यात टाकतो, त्यातून जागेचं भाडं आणि पुस्तकं निघतात, बाहेरच्या कोणाकडून देणगी घेत नाहीत. नव्या माणसाने काही टाकायची अपेक्षा नसते, डबा पुढे सरकवायचा.

बोलायचं म्हणाल तर कोणी जबरदस्ती करत नाही. साधारण तास-दीड तासाची मीटिंग असते, एकजण चालवतो, थोडं वाचन होतं, मग एकेक जण आपापलं सांगतो, त्याला शेअरिंग म्हणतात. तुमच्याकडे पाळी आली की नुसतं पहिलं नाव सांगून आज मी ऐकायला आलोय एवढं बोललात तरी पुरे, तेही नको वाटलं तर मान हलवून पुढच्याकडे बघा. एकजण बोलत असताना दुसरा त्याला मध्ये टोकत नाही, सल्ले देत नाही, तुझं इथे चुकलं वगैरे म्हणत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच सगळ्यात विचित्र वाटलं होतं, माझ्या शेजारचा गृहस्थ बायकोचे दागिने विकल्याचं सांगत होता आणि समोर एकाच्याही तोंडावर छी-थू नव्हती. सगळे नुसते ऐकत होते आणि दोघंतिघं मान डोलवत होते कारण त्यांनीही विकले होते.

ओळखीचं निघालं तर? निघेलही. पण तोही त्याच खोलीत त्याच कारणाने बसलाय ना. कोण आलं होतं आणि कोण काय बोललं हे बाहेर न्यायचं नाही हा नियम लोक मनापासून पाळतात, कारण प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. तरी भीती जात नसेल तर पहिली एक-दोन मीटिंग घरापासून जरा लांबच्या भागातली धरा, अनेक जण तसंच करतात. क्लोज्ड मीटिंगला गेलात तर नुसतं बघायला आलेलं कोणी नसतं, ते एक बरं.

आणि कृपा करून एका मीटिंगवरून ठरवू नका. ग्रुपाग्रुपात खूप फरक असतो. कुठे सगळे वयस्कर, कुठे तरुण जास्त, कुठे एकच माणूस अर्धा तास बोलतो, कुठे बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारूपासून सुटायला एएने क्रमाने सांगितलेल्या बारा गोष्टींपैकी, एकेक घेऊन अभ्यास चालतो. एक नाही पटली तर दुसरी बघा, सहा-सात ठिकाणी बसल्याशिवाय मत करू नका. ज्या ग्रुपात मन लागेल तो आपला होम ग्रुप. मग तिथे हळूहळू एखादा जुना मेंबर स्पॉन्सर म्हणून मागता येतो, म्हणजे जो स्वतः पायऱ्या चढलाय आणि रात्री अकराला तलफ आली तर ज्याला फोन करता येतो असा माणूस. पहिल्या दिवशी एवढंच करा की निघताना दोघांचे फोन नंबर घ्या. तो नंबर खिशात असणं फार कामाला येतं, मी मनापासून सांगतोय.

एक गोष्ट सांगतो, मला ती फार धीर देते. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल, दारू सोडून पाचेक महिने झालेला, धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात गेला होता. व्यवहार फिसकटला, हॉटेलच्या लॉबीत एकटा, आणि एका बाजूला बारमधला गलका ऐकू येतोय. त्याला कळलं की आत्ता दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्या माणसाशी बोललो नाही तर मी आत जाणार. मग त्याने लॉबीतल्या फोनवरून तिथल्या धर्मगुरूला फोन लावला, त्यांनी दिलेली नावं एकेक करून फिरवली, आणि शेवटी एका बाईंनी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या पिण्याने खचलेल्या सर्जनशी घालून दिली. डॉक्टर म्हणाले होते पंधरा मिनिटं बसतो, दोघं काही तास बोलत बसले. त्याच वर्षी १० जूनला डॉ. बॉबनी शेवटचं घेतलं आणि तोच दिवस एएचा स्थापना दिवस मानतात. म्हणजे जी गोष्ट तुम्ही शोधताय ती सुरूच झाली मुळी अनोळखी नंबर फिरवत बसलेल्या माणसापासून. तेव्हा एक नंबर लागला नाही तर दुसरा लावा.

रात्रपाळी_सिस्टर:

मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम करते. वरच्या दादांनी मीटिंगचं छान सांगितलंय, मी त्यात पडत नाही. मला तुमच्या पोस्टमधल्या दोन ओळींनी धसका बसला. सकाळी हात थरथरतात आणि घेतली की थांबतात, आणि सोमवारपासून एकदम बंद. असं करू नका हो. आधी डॉक्टर.

शरीराला रोजची सवय लागलेली असताना दारू अचानक तोडली की मेंदू खवळतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि ज्यांना आधी कधीच फिट आलेली नाही त्यांनाही येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ऐकू येतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस जातो. सगळ्यांना होतं असं नाही, पण कोणाला होईल हे घरी बसून सांगता येत नाही. आधी कधी सोडताना फिट आली असेल तर धोका जास्त.

म्हणून सोमवारच्या आत मानसोपचारतज्ज्ञ किंवा फिजिशियन कोणीही चालेल, जाऊन खरं खरं सांगा की रोज किती घेता आणि शेवटची कधी घेतली. कमी करून सांगू नका, त्यावरच डोस ठरतो. साधारण पाच-सात दिवस उतरत्या डोसच्या गोळ्या देतात, डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या, आणि सोबत थायमिन म्हणजे बी वन जीवनसत्त्व, कारण पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी पडतं आणि फार कमी झालं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. काहींना हे घरी राहून जमतं, काहींना ॲडमिट करावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील. त्यांना भेटेपर्यंत एकदम शून्यावर येऊ नका. हे लिहायला मलाही जड जातंय पण तुमच्या अवस्थेत तेच सुरक्षित आहे. आणि या गोळ्या चालू असताना वरून दारू अजिबात नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

फिट आली, काहीतरी भलतंच दिसायला लागलं, बडबड सुरू झाली, उलट्या थांबेनात तर मीटिंगबिटिंग नाही, सरळ इमर्जन्सी. बायकोला हा परिच्छेद वाचायला द्या.

नंतर तलफ कमी करायची औषधंही असतात, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट वगैरे, लिव्हर-किडनी बघून देतात. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की गोळ्या घेतोस म्हणजे खरी सोबरायटी, म्हणजे दारूमुक्त राहणं, नाही, तर ऐकू नका. एएचं स्वतःचंही म्हणणं आहे की मेंबरने दुसऱ्या मेंबरचा डॉक्टर होऊ नये.

फक्त_आज:

सिस्टर म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. मीटिंग उद्या असेल तर उद्या जा, दारू पूर्ण बंद व्हायची वाट बघू नका, पण बंद करायचं ते डॉक्टरला धरूनच. गोळ्या चालू असताना मीटिंगला बसणारे खूप आहेत. घेतलेल्या अवस्थेत आलेल्यालाही हाकलत नाहीत, फक्त त्या दिवशी बोलू नका, ऐका, असं सांगतात.

विचारून_बघ:

देवाच्या प्रश्नावर मी उत्तर देतो कारण मीही मानत नाही आणि माझी दारू सुटलीये.

एएच्या बारा पायऱ्यांत देव हा शब्द येतो, प्रार्थनाही होते, हे खरं आहे आणि कोणी तुम्हाला नाही म्हणून सांगितलं तर पटू देऊ नका. पण त्यातच असंही आहे की आपल्यापेक्षा मोठी शक्ती प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे धरावी. मी ग्रुपलाच ती शक्ती धरलं. माझ्या एकट्याच्या इच्छाशक्तीने जे झालं नाही ते त्या वीस-पंचवीस लोकांमुळे झालं, तर ते माझ्यापेक्षा मोठंच आहे ना. प्रार्थनेच्या वेळी मी गप्प उभा राहतो, आजवर कोणी विचारलं नाही. काही ठिकाणी नास्तिकांसाठी वेगळे एए ग्रुपही असतात.

तरी नकोच वाटलं तर स्मार्ट रिकव्हरी बघा. हे नाव १९९४ पासून आहे, पद्धत मानसोपचारातल्या सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या उपचार, वगैरेवर आधारलेली. तिथे पायऱ्या नाहीत, स्पॉन्सर नाही, स्वतःला अल्कोहोलिक म्हणायची गरज नाही. ट्रेनिंग घेतलेला माणूस मीटिंग चालवतो आणि एकमेकांशी चर्चा चालते, म्हणजे एएच्या उलट. तलफ आली की तिचं करायचं काय, डोक्यात येणाऱ्या विचारांना उत्तर काय द्यायचं, यासाठी कागदावर लिहून करायच्या गोष्टी असतात. मला सुरुवातीला त्या फार उपयोगी पडल्या. अडचण एवढीच की प्रत्यक्ष भरणाऱ्या मीटिंग एएपेक्षा खूप कमी आहेत, पण ऑनलाइन पुष्कळ. लाइफरिंग हाही बिनदेवाचा गट आहे, आणि फक्त बायकांसाठी विमेन फॉर सोब्रायटी.

आणि ज्यांना वाटतं हे सगळं नुसतं मनाचं समाधान आहे त्यांच्यासाठी. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून तपासली. पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत एए आणि लोकांना एएकडे वळवणारे उपचार हे सीबीटीसारख्या इतर उपचारांच्या तोडीचे किंवा जास्त चांगले ठरले. मी एएचा भक्त नाही, तरी हे मान्य करतो. म्हणून माझं म्हणणं, देवाच्या मुद्द्यावर जवळची चालू मीटिंग सोडू नका. लांबची आवडती मीटिंग महिन्यातून एकदा होणार, जवळची नावडती आठवड्यातून तीनदा होईल, आणि पहिले काही महिने तीनदावालीच लागते.

शिफ्टचं म्हणाल तर ऑनलाइन मीटिंग दिवसरात्र कुठे ना कुठे चालू असतात, कॅमेरा बंद ठेवून, नुसतं नाव टाकून बसता येतं. रात्री तीनला ड्युटीवरून आल्यावर जी वेळ मला सगळ्यात वाईट जायची ती मी तशीच काढली. पण फक्त ऑनलाइनवर राहू नका. स्क्रीन बंद करता येते, समोर बसलेल्या माणसाने खांद्यावर ठेवलेला हात बंद करता येत नाही.

उद्यापासून_नको:

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं. सिस्टर, तुमचा परिच्छेद बायकोला वाचायला दिला. तिने लगेच उद्याची डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. सोमवारचं रद्द, डॉक्टर सांगतील तसं. बायको विचारतेय की तिने काय करायचं, ती फार थकलीये. तिच्या एका मैत्रिणीने गुपचूप जेवणात मिसळायच्या गोळ्या सुचवल्या होत्या, तिने मला आज सांगितलं. ते खरंच काम करतं का?

उंबरठ्याच्या_आत:

वहिनींसाठी लिहिते, मी पिणाऱ्याची बायको आहे.

त्या गोळ्यांचं आधी. ते बहुतेक डायसल्फिराम असतं. त्यावर दारू घेतली की चेहरा लालबुंद, उलट्या, छाती धडधडणं, बीपी एकदम खाली, हृदयाचा त्रास असणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून द्यायचं असतं. न सांगता कधीच नाही. माझ्या नात्यात असं झालं आणि त्या माणसाला हॉस्पिटलात न्यावं लागलं, त्यानंतर तो घरातल्या कोणाच्याच हातचं जेवेना. दारू सुटली नाहीच, वर विश्वास गेला.

आता तुमचं. घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळे ग्रुप असतात, १९५१ पासून चालू आहेत, बिल विल्सनच्या बायकोने लोइसने दुसऱ्या एकीबरोबर सुरू केले. घरात दहावी-बारावीच्या वयाची मुलं असतील तर त्यांच्यासाठी अलाटीन. तो मीटिंगला जावो न जावो, तुम्ही जायचं. हे मी जोर देऊन सांगते कारण आम्ही बायका आधी तो बरा होऊ दे मग माझं बघू असं म्हणत वर्षं काढतो. मी बाटल्या शोधणं, वास घेणं, साहेबांना फोन करून ताप आलाय सांगणं, सगळं करत होते. तिथे पहिल्यांदा ऐकलं की हे मी ओढवून आणलं नाही, माझ्या ताब्यात नाही आणि माझ्याने बरंही होणार नाही. मी तिथल्या तिथे रडले, कारण तोवर तिन्ही गोष्टी मी माझ्याच समजत होते. खोटा फोन करायचं मी नंतर बंद केलं. त्यावरून घरात मोठं भांडण झालं, पण त्याला त्याचं पिणं स्वतः निस्तरावं लागलं तेव्हाच तो हलला.

वहिनी, एएच्या हेल्पलाइनला अल-अनॉनचं विचारलंत तर बहुतेक वेळा कुठे चौकशी करायची ते सांगतात.

रात्रपाळी_सिस्टर:

डायसल्फिरामबद्दल ताईंनी लिहिलंय तेच मी लिहिणार होते. उद्या डॉक्टरांना तेही सांगा की असं काही दिलं गेलंय का, अगदी एकदा जरी दिलं असेल तरी. वहिनींना विचारा, रागावू नका त्यांच्यावर.

उद्यापासून_नको:

नाही दिलं, तिने शपथेवर सांगितलं, आणि रागावायचा मला हक्कच नाही.

अपडेट देतो. डॉक्टर झाले. ॲडमिट व्हायची गरज नाही म्हणाले पण रोज दाखवायला बोलावलंय, गोळ्या बायकोच्या ताब्यात, थायमिनची इंजेक्शनं सुरू झाली. आठवडाभर रजा टाकली. हात अजून थरथरतात पण आधीइतके नाही.

मीटिंगसाठी फोन केला. पहिला नंबर लागलाच नाही, फोन ठेवून देणार होतो, मग फक्त_आज दादांचं आठवलं आणि दुसरा लावला. एका वयस्कर गृहस्थांनी उचलला. मी दोन वाक्यं बोललो आणि पुढे शब्दच फुटेना, तर ते म्हणाले सावकाश, मला घाई नाही. त्यांनीच सांगितलं की ज्या पत्त्यावर मी गेलो होतो ती मीटिंग दुसरीकडे हलवलीये, दोन गल्ल्या पलीकडे. गुरुवारी आहे. ते स्वतः गेटवर थांबतील, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालून येतो म्हणाले.

एकच विचारायचं राहिलं. या गोळ्यांनी गरगरतं म्हणून बायको सोबत येणार म्हणतेय. तिला आत बसू देतील का? ओपन की क्लोज्ड ते विचारायचं मी घाईत विसरलो.

फक्त_आज:

उत्तम, फार बरं वाटलं वाचून. त्याच नंबरवर परत फोन करा, त्यांना अजिबात त्रास वाटणार नाही. ओपन असेल तर वहिनी तुमच्या शेजारी बसू शकतात. क्लोज्ड असेल तर त्यांना बाहेर थांबावं लागेल, मग बसायची काही सोय आहे का तेही विचारून घ्या, आणि त्याच इमारतीत त्या वेळी अल-अनॉन भरतं का तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी शेजारच्याच खोलीत असतं. गाडी वहिनींनाच चालवू द्या किंवा रिक्षा करा, गोळ्या चालू असेपर्यंत तुम्ही हँडल हातात घेऊ नका.

उंबरठ्याच्या_आत:

आणि वहिनींना बाहेर बसावं लागलं तर मला इथे मेसेज करायला सांगा, तेवढा वेळ मी फोनवर आहे.